टाक्यांच्या दोन ओळी

लिंडेन, मिशिगन
रविवार, १४ सप्टेंबर १९७५

लेनर्ड,

तुझं पत्र मिळालं. अलास्कात आत्ताच बर्फ पडलं म्हणतोस, तर पडू दे. मोटारीच्या कारखान्याने तुला घरी बसवलं तेव्हा मीच म्हटलं होतं, जिथे वेल्डर हवाय तिथे जा. लोकरीचे मोजे वेगळ्या पुडक्यात पाठवलेत. ते घालायचे असतात, पेटीत ठेवून मित्रांना दाखवायचे नसतात.

आता मुद्द्याचं. तुझी लेक मुलांबरोबर धावते. पळून गेलेली नाही, धावते. शाळेच्या संघात.

झालं असं की शाळेत मुलींचा धावण्याचा संघच नाही. मुलींनी बांबूच्या काठीला पिवळे झुबके बांधून फुटबॉलच्या मैदानाकडेला ओरडायचं, एवढीच सोय. डेनीस सरळ हार्टिगन मास्तरांकडे गेली. ते जीवशास्त्र शिकवतात आणि मुलांना तीन-तीन मैल रानातून पळवतात. म्हणाली, मला घ्या. ते म्हणाले, आधी धावून दाखव. धावली. त्यांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं, बंद पडलंय की काय म्हणून. हे मी कुणाकडून ऐकलं नाही. शाळेच्या जेवणघरात मी वाढते तिथल्या खिडकीतून मला पलीकडचं मैदान दिसतं. माझ्या हातात बटाट्याचा डाव होता आणि समोरच्या पोराच्या ताटाऐवजी मी तो त्याच्या मनगटावर उपडा केला.

कायदा तीन वर्षांपूर्वीच झालाय, पोरीला मुलांच्या संघात धावता येतं. तेव्हा तू तिथून आरडाओरडा करू नकोस. तिची आई असती तर तिने विरोध केला असता असंही लिहू नकोस. तिच्या आईने बूट आणून दिले असते. ती नाही म्हणून मी आणले.

तुझी आई

*

पाइपलाइनची छावणी, अलास्का
३० सप्टेंबर १९७५

प्रिय आई,

मोजे घातलेत. दोन्ही जोड एकावर एक.

मी आरडाओरडा करत नाही. पण सोळा-सतरा वर्षांचे घोडे आणि त्यांच्यात एकटी डेनीस! ती पोरं तिला काय काय बोलत असतील? त्या वयात मी काय बोलायचो ते मला आठवतं. आणि तिला एवढी वेगाने धावायची घाई कसली? हसं झालं तर शाळेत तोंड दाखवणं कठीण.

पण धावणारच असेल तर अर्धवट नको. तिला सांग, मैदानावर फुकट काही मिळत नाही. माझं जाकीट कपाटात आहे ना? लाल लोकरीचं, चामड्याच्या बाह्यांचं? ते काढून तिला दाखव. छातीवरचं ते अक्षर शाळा उगाच देत नाही. फुटबॉलच्या एका सामन्याचे चार पाव-खेळ; एका हंगामात असे सोळा पाव-खेळ मैदानात उतरावं लागतं तेव्हा ते लिंडेनचं लोकरीचं ‘एल’ हातात पडतं. घाम गाळावा लागतो. तिच्या बापाने गाळलाय, एवढं तिला कळू दे.

छावणीत फोन एकच आणि रांग मैलभर. म्हणून लिहितोय.

लेनर्ड

*

लिंडेन
शुक्रवार, २४ ऑक्टोबर

लेनर्ड,

काल जिल्ह्याची शर्यत झाली. आधी निकाल सांगते, नाहीतर तू शेवटचं पान आधी वाचशील. जिंकलो.

आता कसं ते ऐक. प्रत्येक शाळेचे सात धावतात. त्यातल्या पहिल्या पाचांचे क्रमांक घेऊन बेरीज करायची, ज्याची बेरीज कमी तो जिंकला. चौथी शिकलेल्या मला समजलं, तुलाही समजेल. डेनीस आमची सातवी, म्हणजे गाडीत जागा होती म्हणून नेलेली. पण एकाचा पाय पहिल्याच उतारावर मुरगळला. दुसरा दुपारी माझ्या खिडकीवर तीनदा येऊन तिखट बीन्स घेऊन गेला होता. मी दोनदा सांगितलं, बाबा, तुला पळायचंय. तो झाडामागे गेला तो बराच वेळ आलाच नाही. राहिले पाच, त्यातली पाचवी तुझी लेक.

आमचे चार आले: दुसरा, पाचवा, नववा, चौदावा. ब्रायरवुडचेही चार आले. ब्रायरवुड म्हणजे तेच, ज्यांच्या शाळेत पोहण्याचा तलाव आहे आणि नाकं छताला लागलेली. मग वळणावरून डेनीस दिसली आणि तिच्या पुढे त्यांचा पाचवा, ताडासारखा पोरगा. शेवटच्या चढावर तिने त्याला गाठलं. त्याने मान वळवून पाहिलं. मान वळवली तिथेच तो हरला. पुढे बघून पळायचं असतं.

डेनीस सत्ताविसावी, तो अठ्ठाविसावा. आमचे सत्तावन्न, त्यांचे अठ्ठावन्न. उलट झालं असतं तर ढाल त्यांच्या काचेच्या कपाटात गेली असती.

तो पोरगा गवतात बसून रडायला लागला. त्याची आई आली आणि म्हणाली, “मुलीकडून हरलास म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस, राजा.” मी म्हटलं, “बाई, मुलीकडून नाही हरला. डेनीस वोइचिककडून हरला. त्याला आधी पाणी द्या.”

हार्टिगन मास्तरांनी तिला अक्षराचं सांगितलंय. धावण्याचा नियम वेगळा आहे: जिल्ह्याच्या शर्यतीत ज्याचा क्रमांक बेरजेत धरला गेला, त्याला अक्षर.  रात्रीची भांडी घासताना ती गुणगुणत होती आणि मी तिला थांबवलं नाही.

आई

*

छावणी
१ नोव्हेंबर

प्रिय आई,

पत्र जेवणाच्या टेबलावर उभं राहून मोठ्याने वाचलं. “वोइचिककडून हरला” इथे सगळे टेबलं बडवायला लागले. टेक्सासचा एक दाढीवाला म्हातारा आहे, त्याला स्वतःची सहा पोरं; म्हणाला, “लेन, माझी सहाच्या सहा घे, ती एक दे.”

मागच्या पत्रात मी जे हसं होण्याबद्दल लिहिलं ते फाडून टाक.

अक्षर कधी देणार? तिला सांग, माझ्या जाकिटाशेजारी तिचं टांगायचं. गॉर्डी ब्रँट आता शाळेत खेळांचा प्रमुख आहे ना? मग काळजीच नको. मी आणि गॉर्डी एका संघात होतो. माणूस सोन्यासारखा. त्याच्या हातून मिळेल तर अजून बरं.

लेनर्ड

*

लिंडेन
रविवार, २ नोव्हेंबर

लेनर्ड,

तुझं उत्तर अजून आलेलं नाही, पण थांबायला मला वेळ नाही.

अक्षर देणार नाहीत. शाळेच्या खेळ-समितीने ठरवलं. मुलीला छापील दाखला आणि एक गुलाबी फूल. हार्टिगन मास्तर भांडले, एकटे पडले. समितीचा प्रमुख म्हणजे तुझा गॉर्डी. तो रोज साडेअकराला माझ्या खिडकीवर येतो. लहान असताना माझ्या स्वयंपाकघरात बसून बशीभर बटाटा भरलेल्या पिएरोगी करंज्या खायचा आणि साय पुसायला शर्टाची बाही वापरायचा. मी ताटात मटार वाढले आणि विचारलं,

“गॉर्डी, ढाल कुठे ठेवलीस?”

“दारातच, मिसेस वोइचिक. काचेच्या कपाटात. बघितली नाहीत?”

“बघितली. तिच्यावर पाच जणांची बेरीज आहे. अक्षरं चार कशी?”

त्याने मागे रांगेकडे पाहिलं. “हे बघा, ती अक्षरं मुलांसाठी म्हणून सुरू झाली. नियम मी केला नाही.”

“केला नाहीस, मग मोडायला हात दुखतात का?”

“आज हिला दिलं तर उद्या बँडमधला तुतारीवालाही मागायला येईल.”

“तुतारी वाजवत सत्ताविसावा आला तर जरूर दे.”

मागची पोरं खिदळली. तो लाल झाला आणि मटार तसेच टाकून गेला.

पुढचं मी केलं, तेव्हा ते मीच सांगते. ह्या गावातल्या निम्म्या पोरांची अक्षरं माझ्या मशीनवर बसली. कुणाची आई आली, अक्षर आणि जाकीट ठेवून गेली, शुक्रवारी घेऊन गेली. मला वाटायचं, कापड ते कापड. शनिवारी डेनीससाठी नवीन लाल जाकीट आणलं, तुझ्या जाकिटावरचं अक्षर उसवलं आणि तिच्यावर चढवलं. म्हटलं, समिती देत नसेल तर घर देईल. बापाचं लेकीला, ह्यात कुणाचं काय गेलं?

तिने जाकीट हातात घेतलं. आनंदाने तोंड उजळलं. मग अक्षराची कड बोटाने चाचपली आणि तोंड विझलं.

“बुशा आजी, हे बाबांचं आहे.”

“आता तुझं.”

“असं नसतं ग. जे मिळवलं नाही ते घालायचं नसतं. शाळेतल्या एकाने भावाचं घातलं होतं, चार वर्षं झाली तरी त्याला अजून चोर म्हणतात.” तिने जाकीट घडी घालून माझ्या मांडीवर ठेवलं, चर्चमध्ये वेदीवरचा कपडा ठेवतात तसं. “बाबांनी त्यासाठी घाम गाळलाय. मी त्यांचं घेऊन फिरले तर त्यांचंही गेलं आणि माझंही.”

मी आयुष्यात एकदाच चुकते असं नाही, पण सतरा वर्षांच्या पोरीने चूक दाखवावी हे पहिल्यांदाच झालं. मी रागावले. ती रागावली नाही, हे अजून वाईट.

रात्रभर ते तसंच पडलं. आज सकाळी चर्चला जाण्याआधी अक्षर परत उसवलं. उसवताना पाठीमागचा नमदा उजेडात धरला. लेनर्ड, त्याला टाक्यांच्या दोन जुन्या ओळी आहेत. कालची माझी वेगळी. एक ओळ माझी, तुझ्या जाकिटावर मी शिवलेली, माझा टाका मी ओळखते. दुसरी त्याहून आधीची. लांब, आळशी टाका, हाताने घातलेला.

अक्षर एकदा मिळतं, एकदा शिवतात. मग दुसरी ओळ कुणाची? ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. सांगायचं असेल तर सांग. नसेल तर मोज्यांचं माप कळव.

आई

*

छावणी
११ नोव्हेंबर

आई,

सकाळपासून तीन वेळा लिहायला बसलो. इथे आता दिवस असा उजाडतच नाही, त्यामुळे सकाळ म्हणजे घड्याळात.

ते अक्षर माझं नाही. गॉर्डीचं आहे. त्याला एकोणीसशे पन्नासचं एक मिळालं होतं आणि एक्कावन्नचं दुसरं. पहिलं त्याने जाकिटावरून काढून मला दिलं.

मी तेरा पाव-खेळ खेळलो, सोळा नाही. बाबांची छाती भरायला लागली, त्यांना कारखान्यातून घरी बसवलं, आणि मी कोचना सांगून संघ सोडला. शुक्रवारी संध्याकाळी मी खेळायला जात नव्हतो. पावाच्या बेकरीत गाड्या भरायला जायचो. घरी येऊन बाबांच्या खाटेपाशी बसायचो आणि कोणी कुणाला पाडलं ते सांगायचो. येताना गॉर्डी मला रस्त्यात गाठून सगळं सांगायचा. बाबा म्हणायचे, अक्षर मिळालं की मला दाखव. काय करणार होतो? गॉर्डी म्हणाला, “घे, माझ्याकडे दोन होतील. तुझ्या बाबांना काय कळणार?” मग तुला शिवायला दिलं. बाबांनी ते हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, हसले. मार्चमध्ये गेले. त्यानंतर सांगायला कुणी उरलंच नाही असं मला वाटलं. तुला सांगायची हिंमत झाली नाही. आणि चोवीस वर्षं मी “मी गाळला घाम” म्हणत फिरलो. टेक्सासच्या म्हाताऱ्यालाही तेच सांगितलं.

आता माझ्यासाठी दोन गोष्टी कर. हे पत्र डेनीसला वाचून दाखव. सगळं. आणि ते अक्षर गॉर्डीला परत दे. त्याला धाक घालू नकोस आई, मी तुला ओळखतो. समितीत बोभाटा करीन वगैरे काही म्हणू नकोस. त्याने माझ्यावर उपकार केला होता, त्याचा दगड करून त्यालाच मारायचा नाही. फक्त परत दे. म्हणावं, लेनने सांभाळून ठेवलं होतं.

डेनीसचं अक्षर गेलं तर गेलं. तिला सांग, तिच्या बापाने ते बघायला हवं होतं, एवढंच मला वाटतं.

लेनर्ड

*

लिंडेन
रविवार, २३ नोव्हेंबर

लेनर्ड,

दोन्ही कामं केली. क्रमाने सांगते.

पत्र वाचून दाखवलं. डेनीस ऐकत राहिली. मग बूट चढवले आणि गेली. पाच मैल तरी पळाली असेल. आली तेव्हा केसांवर बर्फाचे कण होते. दारातच उभी राहून म्हणाली, “बुशा, बाबांना तीनच कमी होते?”

“तीनच.”

“आणि ते सोडून पाव भरायला गेले?”

“गेला.”

“मग मला सोपं होतं. मला नुसतं धावायचं होतं.” असं म्हणून आंघोळीला गेली. सगळं गरम पाणी संपवलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाची सुट्टी संपल्यावर मी एप्रनसकट गॉर्डीच्या खोलीत गेले. तो कुणाशी तरी फोनवर होता. मी ते अक्षर त्याच्या टेबलावर ठेवलं. त्याने नुसतं पाहिलं. मग फोन ठेवला. मग अक्षर उलटं केलं.

“हे लेनने ठेवलंय?”

“चोवीस वर्षं. डांबराच्या गोळ्यांत. म्हणून वास येतोय.”

“ही माझी शिलाई,” तो म्हणाला. “मीच हाताने घातली होती. आईला वेळ नव्हता.”

“दिसतंय. घोड्याच्या खोगिराला घालतात तसा टाका.”

तो अंगठा त्या भोकांवरून फिरवत राहिला. मग मान वर केली. “मिसेस वोइचिक, सरळ बोला. तुम्हाला काय हवंय?”

देवाशप्पथ सांगते लेनर्ड, जिभेच्या टोकावर सात वाक्यं होती. सातही गिळली. हे तुझ्यासाठी मी केलेलं सगळ्यात कठीण काम, तुला जन्म देण्यासकट.

“काही नको. लेन म्हणाला, तुझी वस्तू तुला परत दे. त्याने सांभाळून ठेवली होती, एवढं सांग म्हणाला. आणि ताट टेबलावर टाकून जाऊ नकोस, उचलून खिडकीवर आणून देत जा. तू आता मोठा झालास.”

आले निघून.

गुरुवारी बक्षिसांचं जेवण होतं. प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा. मी कोबीची पानं भरून नेली, साठ. डेनीस यायला तयार नव्हती. मी म्हटलं, फूल घ्यायला येऊ नकोस, पानं वाढायला ये. आली. निळा झगा, वेणी घट्ट, ओठ त्याहून घट्ट.

फुटबॉलवाल्यांची अक्षरं झाली. ती संपता संपेनात. तिथे पाणी पाजणाऱ्यालाही मिळतं. मग धावणारे. हार्टिगन मास्तरांनी चौघांची नावं घेतली, चौघे गेले, हात मिळवले, बसले. मास्तर कागदाकडे बघत उभे राहिले. पुढे कागदावर दाखला होता. तेवढ्यात गॉर्डी उठला आणि त्यांच्या हातातून तो कागद काढून घेतला. खिशात घातला.

म्हणाला, “ती ढाल पाच जणांच्या बेरजेवर मिळाली. चौघांनाच अक्षरं द्यायची तर उद्या सकाळी ढाल ब्रायरवुडला पोचवावी लागेल. मी पोचवायला जाणार नाही. समितीतलं कुणी जाणार आहे का?”

समितीवाले ताटातली कोबीची पानं मोजायला लागले.

“एकदा ह्याच शाळेत,” तो म्हणाला, “अक्षर कुणाचं आहे ते मला नियम न बघता कळलं होतं. तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. मधे विसरलो.” आणि मग मोठ्याने, मैदानावर पुकारतात तसं: “डेनीस वोइचिक!”

सगळ्यात आधी कोण उभं राहिलं सांगू? तो तिखट बीन्सवाला. त्याने शिट्टी मारली. मग मुरगळलेल्या पायाचा, कुबडीवर. मग सगळेच. मी उभी राहिले नाही. मांडीवर पानांचं पातेलं होतं. पण ते पातेलं मी असं धरलं होतं की अजून बोटं दुखतात.

डेनीस गेली, हात मिळवला, अक्षर घेतलं. परत येताना तिने ते उलटं करून पाहिलं. मग माझ्या हातात दिलं. मीही पाहिलं. नमदा कोरा. एकही भोक नाही.

काल शिवायला बसले तर नवीन जाकीट तिने बाजूला सारलं. म्हणाली, “बाबांच्या जाकिटावर लाव. ते चालेल का असं त्यांना विचार.” विचारत नाही, लावून टाकलं. जुनं अक्षर जिथे होतं तिथला लाल रंग अजून गडद आहे, त्या आकारावर नवीन अक्षर तंतोतंत बसलं. बाह्या दोन इंच आत घेतल्या. तू आलास की तुला ते होणार नाही; तसंही तुझं पोट सुटलंय. ती उद्या शाळेत घालणार आहे. आज घरातच घालून बसलीय, शेगडी पेटलेली असताना.

आता शेवटचं. तू लिहिलंस की बाबांना कळलं नाही आणि मला सांगायची तुझी हिंमत झाली नाही. लेका, अंगाला गवताचा नव्हे, ताज्या पावाचा वास घेऊन तू खेळातून घरी यायचास. आमच्या तळघरात कोळसा आपोआप पडत नव्हता. सगळा गाव शुक्रवारी मैदानावर असायचा आणि मला कोणी सांगणार नाही असं तुला वाटलं? गॉर्डीची ती ओळ मी ह्या नोव्हेंबरात पहिल्यांदा पाहिली नाही. एक्कावन्नच्या नोव्हेंबरातच पाहिली, शिवायला घेतलं तेव्हा. तू कबूल करशील का, एवढंच आत्ता बघत होते. चोवीस वर्षं घेतलीस. डेनीसला तुझ्यापेक्षा वेग आहे.

आणि तुझा बाप जन्मभर मोटारींच्या गाद्या शिवत होता. त्याला भोकं दिसली नसतील? तू खोलीबाहेर गेल्यावर त्याने मला बोलावलं, अक्षर उलटं करून दाखवलं, त्या आळशी टाक्यावरून नख फिरवलं. मी म्हटलं, खोटं बोलतोय कार्टा, विचारू का त्याला? तो खोकला, दम खाल्ला आणि म्हणाला, “विचारू नकोस, स्टेला. बाकीच्यांना खेळून मिळालं. आपल्याला न खेळून मिळालंय. घट्ट शिव.”

म्हणून घट्ट शिवलं होतं. उसवताना दोन सुया मोडल्या.

मोज्यांचं माप अजून कळवलेलं नाहीस.

आई